फिशरला सोलापुरात काय म्हणतात? ‘मूळव्याध’ म्हणून चालेल का?

सूतगिरणी
नमस्कार मंडळी. विडी वळणाऱ्या बायकांसाठी गुदद्वाराच्या आजारांवर एक छोटं माहितीपत्रक मराठीत करते आहे. मूळ इंग्रजी मजकुरात पाइल्स, फिशर (गुदद्वाराच्या कातडीला पडलेली चीर) आणि फिस्टुला (पू वाहणारी, न बुजणारी वाट) असे तीन आजार वेगवेगळे दिलेत. पाइल्सला मूळव्याध आणि फिस्टुलाला भगंदर लिहिलं, पण फिशरपाशी अडकले. ‘गुदचीर’ लिहून अशोक चौकाच्या बाजूला काही बायकांना वाचून दाखवलं. एक मावशी म्हणाल्या, “ताई, ही गुदचीर काय ते कळंना. खाली काही झालं की आम्ही मूळव्याधच म्हणतो.” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मजकूर तपासणाऱ्या वैद्यांना मात्र ‘परिकर्तिका’च हवं आहे. माझी आई बार्शीची, ती नुसतं ‘चीर पडली’ म्हणायची. तुमच्याकडे काय म्हणतात?

कडकभाकरी
ताई, शब्द आपल्याकडे आहे की. आमच्या मंगळवेढ्याकडच्या जुन्या बायका ‘रक्ती मूळव्याध’ आणि ‘कोरडी मूळव्याध’ असा फरक करतात. रक्ती म्हणजे रक्त पडतं ती. कोरडी म्हणजे रक्त फारसं नाही, पण बसवत नाही इतकी आग. ही कोरडी म्हणजेच तुमचं फिशर. तेच लिहा, लगेच कळेल.

शल्यकर्मी
कोरडी लिहू नका, अशी हात जोडून विनंती. फिशरमध्येही रक्त येतं. शौचाला खडा झाला की गुदद्वाराची नाजूक कातडी फाटते, बहुतेक वेळा मागच्या बाजूला, आणि शौचावर किंवा पुसताना लाल रेघ दिसते. दुखणं शौचाच्या वेळी कापल्यासारखं, आणि त्यानंतरची आग कधी कधी तासन्‌तास राहते. आतल्या मूळव्याधीचं बरोबर उलट. रक्त थेंबथेंब पडतं, कधी पिचकारीसारखं उडतं, पण दुखत नाही. म्हणजे तुमची ‘रक्ती’ न दुखणारी आणि ‘कोरडी’ दुखणारी, एवढं जुन्या बायकांचं निरीक्षण खरं आहे. नाव मात्र रक्तावरून पडलंय आणि तिथेच फसगत होते.

दुसरा घोटाळा ‘मोड’ या शब्दाचा. फिशर जुनं झालं, म्हणजे साधारण दीड-दोन महिन्यांच्या पुढे गेलं, की चिरेच्या बाहेरच्या टोकाला कातडीचा छोटा कोंब येतो. पेशंट तो दाखवून म्हणतात, “मोड आलाय, कापून टाका.” कोंब कापला तरी चीर राहतेच. आणि बाहेरच्या बाजूला एका रात्रीत निळसर, टणक, ठणकणारी गाठ आली तर ती रक्त गोठल्यामुळे आलेली असते. तिलाही लोक मोडच म्हणतात.

तत्सम
यासाठीच शास्त्रीय शब्द हवा. परिकर्तिका म्हणजे सगळीकडून कातरल्यासारखी वेदना, कृत् म्हणजे कापणे. चरकसंहितेत विरेचन चुकलं तर होणाऱ्या उपद्रवांत ती सांगितली आहे. जुलाबाचं औषध चुकलं तर काय होतं हे इतक्या जुन्या काळी लिहून ठेवलेला शब्द टाकून आपण ‘फिशर’ म्हणायचं, हे मला पटत नाही. ‘अर्श’ बघा. अरि म्हणजे शत्रू, शत्रूसारखे छळणारे मांसाचे कोंब. दुखण्याचा स्वभावच नावात आहे. अवघड शब्द लोकांच्या तोंडी बसत नाही हेही खरं नाही. भगंदर बसलाच ना?

कडकभाकरी
भगंदर बसला, कारण गावोगावी वैद्य तो शब्द बोलत होते. परिकर्तिका कुणी बोललंच नाही. आता कागदावर छापून तो माणसांच्या तोंडात कसा जाईल, वैद्यराज? विडीचं सूप मांडीवर घेऊन दिवसभर बसणाऱ्या बाईला आधी दुखणं ओळखू येऊ द्या, व्युत्पत्ती नंतर.

पद्मनगर
आमच्या घरी तेलुगू बोलतात. तेलुगूत पाइल्सना मोललु म्हणतात आणि मोलक म्हणजे धान्याला फुटलेला मोड. शेजारी कन्नड बोलणारे आहेत, त्यांचा मोळे शब्दही कोंब आणि हे दुखणं दोन्हींना चालतो. शिवाय ते मूलव्याधीही म्हणतात. माझी आई मराठी बायकांत ‘मोड’ म्हणते आणि घरात ‘मोललु’. मराठीतला मोड तेलुगू-कन्नडकडूनच आला असणार, असं मला फार दिवस वाटतंय.

तत्सम
ध्वनी जुळले की शब्द तिकडूनच आला असं ठरत नाही. आयुर्वेदात अर्शालाच ‘मांसांकुर’ म्हटलंय. अंकुर म्हणजे पुन्हा मोडच. बघणाऱ्या प्रत्येकाला ते तसंच दिसलं असेल.

विजापूरवेस
दखनीचंही ऐका. आमची दादी बवासीर म्हणायची. अरबीत बासूर एकवचन, बवासीर अनेकवचन. आणि वाहणारी, भरून न येणारी जखम म्हणजे नासूर, जो अरबीत फिस्टुलाचाच शब्द आहे. बासूर आणि नासूर एकमेकांना इतके जवळचे, तरी दादी गल्लत करायची नाही. गाठ येऊन फुटते, बरी वाटते, पुन्हा त्याच जागी पू येतो, कपड्याला डाग पडतो, ते नासूर. साधी बाई होती, शाळा पाहिलेली नव्हती.

शल्यकर्मी
दादींनी केलेलं भगंदराचं वर्णन पुस्तकात जसंच्या तसं घालावं असं आहे. गुदद्वाराच्या आतल्या ग्रंथीत पू होतो, तो बाहेरच्या कातडीपर्यंत वाट काढतो आणि ती वाट बुजत नाही. मलम लावून ती बंद होत नाही.

तत्सम
सुश्रुताने भगंदराचे पाच प्रकार केले. त्यांतला शतपोनक म्हणजे चाळणीसारखी अनेक तोंडं असलेला, आणि उष्ट्रग्रीव म्हणजे उंटाच्या मानेसारखा. क्षारसूत्राचा उपचारही त्याच परंपरेतला. स्नुहीचा म्हणजे निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची सुताच्या दोऱ्यावर एकूण २१ पुटं चढवतात. दोरा त्या वाटेतून ओवतात आणि दर आठवड्याला बदलतात. वाट हळूहळू कापली जाते आणि मागून भरत येते. सोलापूर सुताचं गाव, इथे ‘क्षारसूत्र’ शब्द समजावावा लागू नये.

कडकभाकरी
क्षारसूत्र शिकलेल्या माणसाकडून केलेलं वेगळं आणि रस्त्याच्या कडेला ‘बिगर ऑपरेशन, एका बैठकीत मूळव्याध गायब’ अशी पाटी लावून केलेलं वेगळं. माझ्या मामांना अशाच एका ठिकाणी काहीतरी जळजळीत औषध लावलं. नंतर शौचाची वाटच आखडून गेली. पाटीवर मूळव्याध लिहिलं होतं. त्यांना मूळव्याध होती की फिशर, हे कुणी तपासलंच नव्हतं.

सूतगिरणी
म्हणूनच मी नावावर अडून बसले आहे. अजून एक अडचण. ‘सिट्झ बाथ’ला काय लिहू? कटिस्नान लिहिलं तर कमरेपासून अंघोळ समजतील. ‘शेक’ लिहू का?

शल्यकर्मी
शेक नको, ताई. शेक म्हटलं की विटेचा शेक, फडक्याचा चटका सुरू होतो. तिथली कातडी भाजून आलेले पेशंट मी पाहिलेत. सरळ लिहा, ‘पसरट टबात कोमट पाणी घेऊन १०-१५ मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीन वेळा, शौचानंतर तर नक्की’. पाण्यात तुरटी, जंतुनाशक, मीठ काही लागत नाही.

पद्मनगर
आणि ‘जोर लावू नये’ऐवजी ‘कुंथू नये’ लिहा. इतका नेमका शब्द मराठीत असताना जोर कशाला? आई म्हणते, कारखान्यावर संडासची सोय नसली की बायका पाणीच कमी पितात. मग खडा होतो, मग कुंथणं आलं.

शल्यकर्मी
अगदी बरोबर. बाळंतपणातही हेच होतं. भरपूर पाणी, पालेभाजी, मटकी, भाकरी, गरज पडल्यास इसबगोल, आणि शौचाची कळ आली की दाबून न ठेवणं, एवढ्याने नवं फिशर बऱ्याचदा काही आठवड्यांत भरतं. न भरलं तर स्नायू सैल करणारं मलम असतं, शेवटी छोटं ऑपरेशन.

कडकभाकरी
आणि तिखट? आमच्याकडे शेंगाचटणी खाल्ली की ‘उष्णतेची मूळव्याध’ झाली म्हणतात. सोलापूरचा उन्हाळा, त्यात तिखट. उष्णता शब्द तरी ठेवा.

शल्यकर्मी
तिखटाने मूळव्याध होत नाही. चीर असेल तर तिखटाने आग वाढते, हे खरं. उन्हाळ्यात घाम जाऊन पाणी कमी पडतं आणि शौच कडक होतं, उष्णतेत तथ्य एवढंच. पण ‘उष्णता आहे, ताक प्या’ म्हणून महिनोन्‌महिने रक्त पडू देतात, त्याचं मला वाईट वाटतं. शौचाच्या सवयी बदलल्या, वजन घटलं, अशक्तपणा आला, शौच काळं किंवा रक्तात मिसळलेलं होतंय, वय पंचेचाळिशीच्या पुढे आहे, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालाय, यातलं काहीही असेल तर ‘मूळव्याधच आहे’ असं घरी ठरवायचं नाही. गुदाशयाच्या कॅन्सरचं रक्तही मूळव्याधीसारखंच दिसतं. बोटाने आणि दुर्बिणीने तपासून घ्यायचं. पत्रकात हे ठळक छापा, मग फिशरला काहीही म्हणा.

तत्सम
‘काहीही म्हणा’ हे मान्य नाही. नाव सैल झालं की निदानही सैल होतं, वरची मामांची हकिकत तेच सांगते. आणि कृपा करून पत्रकात ‘मुळव्याध’ छापू नका. मूळ दीर्घ आहे, समासात ते ऱ्हस्व होत नाही.

विजापूरवेस
गावातल्या निम्म्या पाट्यांवर मुळव्याधच असतं. ऱ्हस्व-दीर्घावरून कुणी दवाखाना चुकत नाही.

तत्सम
पाट्या प्रमाण मानल्या तर कोश कशाला लिहायचे?

सूतगिरणी
सध्या असा विचार आहे: मथळा ‘मूळव्याध वाटते? तीन वेगळी दुखणी असू शकतात’, आणि खाली ‘चीर (फिशर, परिकर्तिका)’. ‘गुदचीर’मधला ‘गुद’ काढून टाकते.

कडकभाकरी
चीर एकटी ठेवली तर टाचेची चीर समजतील. ‘संडासच्या जागेची चीर’ लिहा.

तत्सम
छापील पत्रकात ‘संडासची जागा’? गुदद्वार म्हणायला संकोच वाटत असेल तर तो आधी घालवायला हवा.

पद्मनगर
संकोच बायकांना डॉक्टरसमोर वाटतो, वैद्यराज, शब्दकोशासमोर नाही. ताई, अजून एक राहिलं. आमच्याकडे ‘अंग बाहेर येतं’ असं म्हणतात. ते गर्भाशयासाठीही आणि शौचाच्या जागेसाठीही. त्याला पत्रकात काय करणार?

शल्यकर्मी
हा शब्द मलाही दर ओपीडीत अडवतो. ‘कुठून येतं, बसल्यावर की शौचाला गेल्यावर, आपोआप आत जातं की बोटाने ढकलावं लागतं’ असं विचारल्याशिवाय कळत नाही. यावर वेगळा धागा काढा. गर्भाशयाबद्दल स्त्रीरोगवाल्या कुणीतरी लिहायला हवं.