मदत हवी आहे: बॅटरीची व्हीलचेअर विमानात घेत नाहीत म्हणे! गुरुवारी निघायचंय

संत्र्याची_साल
गुरुवारी पहाटे नागपूर-बंगळुरू विमान आहे, शुक्रवारी मुलाखत. कॉल सेंटरवाला आज सांगतो की बॅटरीची खुर्ची चालणार नाही. आणलीच तर जादा वजनाचे पैसे भरा, वर डॉक्टरचं फिटनेस पत्र आणा. परत फोन केला तर दुसरी बाई म्हणते, एअरपोर्टवर बघून घेऊ. तिथे पहाटे चार वाजता कोण बघणार? कुठला नियम दाखवायचा तेवढं सांगा. तिकीट रद्द करा वगैरे सल्ले नकोत.

कोथरूडकर_काका
विमान कंपनी कोणती? बॅटरी कसली? तुम्हाला पायऱ्या चढता येतात का? काहीच लिहिलेलं नाही, उत्तर कसं द्यायचं?

बिनधास्त_बोल
लिथियम बॅटरी 100 वॅट-आवरच्या वर चालत नाही. पॉवरबँक जप्त झाली होती माझी. विषय संपला.

चाकांवर_चार_धाम
संपला नाही. 100 ची मर्यादा पॉवरबँक, लॅपटॉप वगैरेंना. व्हीलचेअरचा नियम वेगळा आहे. घडीची खुर्ची आणि बॅटरी निघणारी असेल तर 300 वॅट-आवरपर्यंतची एक, किंवा प्रत्येकी 160 पर्यंतच्या दोन. ती काढून केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवायची, खुर्ची खाली सामानात. जेल बॅटरी असेल तर ती सहसा खुर्चीतच राहते. म्हणून काकांनी विचारलेलं सांगा. स्टिकरवर काय लिहिलंय?

संत्र्याची_साल
24V 12Ah. वॅट-आवर कुठेच लिहिलेलं नाही. बॅटरी निघते. पायऱ्या चढू शकत नाही, उभाही राहू शकत नाही. खुर्ची 26 किलो. आणि फिटनेस पत्राचं काय? मी आजारी नाही, मला पोलिओ आहे.

चाकांवर_चार_धाम
व्होल्ट गुणिले अँपिअर-आवर म्हणजे वॅट-आवर. 24 गुणिले 12 म्हणजे 288. बसतंय. बनवणाऱ्या कंपनीकडून वॅट-आवर लिहिलेलं पत्र आजच मेलवर मागवा, काउंटरवर गुणाकार शिकवत बसावं लागणार नाही. काढलेल्या बॅटरीच्या टोकांना टेप लावा.

वकील_गल्लीतला
नुसतं अपंगत्व आहे म्हणून पत्र मागता येत नाही. डीजीसीएची (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची) सीएआर म्हणजे नियमावली आहे, सेक्शन 3, सिरीज एम, पार्ट 1. तीच प्रिंट काढून न्या. 2022 मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात घेतलं नाही, कंपनीला 5 लाख दंड झाला आणि नियम बदलला: तब्येत बिघडेल अशी शंका असेल तर विमानतळावर डॉक्टरने प्रत्यक्ष तपासून लेखी मत द्यायचं. काउंटरवरच्या पोराने ठरवायचं नाही. विमानातून उतरवलेल्या दिव्यांग कार्यकर्त्या जीजा घोष यांच्या खटल्यात तर सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये 10 लाख भरपाई द्यायला लावली.

कोथरूडकर_काका
वकीलसाहेब, पहाटे चारला कोर्टाचा निकाल कोण वाचतो? आणि वजनाचं बोला. त्याच नियमात सहाय्यक साधन 15 किलोपर्यंत मोफत आहे. यांची खुर्ची 26 ची. म्हणजे कॉल सेंटरवाला सगळाच खोटा नाही.

वकील_गल्लीतला
15 ही किमान सवलत आहे. त्यापुढे माफ करू नये असं कुठे लिहिलंय? कित्येक कंपन्या अख्खी खुर्ची फुकट नेतात.

कोथरूडकर_काका
"कित्येक" नको, यांची कंपनी नेते का ते सांगा!

जर्सीतली_आजी
आमच्या इथे अमेरिकेत एअर कॅरियर ॲक्सेस ॲक्ट आहे, 1986 चा. एअरपोर्टवर सीआरओला, म्हणजे कंपनीच्या तक्रार सोडवणाऱ्या अधिकाऱ्याला, बोलव म्हणायचं, तो समोर नाहीतर फोनवर मिळालाच पाहिजे. देशांतर्गत विमानात खुर्ची मोडली तर खरेदीच्या किमतीपर्यंत भरून देतात. भारतात कधी होणार असं!

बिनधास्त_बोल
आजी, तुमच्याकडच्या विमानात निम्मे धडधाकट लोक रांग चुकवायला व्हीलचेअर मागतात, ते आधी बोला.

जर्सीतली_आजी
माझे गुडघे बघायला ये हो.

कृत्रिम_पाय_खरी_चाल
सुरक्षा तपासणीत पाय काढायला सांगतात त्यावरही लिहा कुणीतरी. कृत्रिम पाय असलेल्या नर्तिका-अभिनेत्री सुधा चंद्रन 2021 मध्ये जाहीर बोलल्या तेव्हा चार दिवस चर्चा झाली, पुढे?

संत्र्याची_साल
माझा पाय काढायचा प्रश्न नाही हो. खुर्ची!

चाकांवर_चार_धाम
मदतीची सूचना 48 तास आधी द्यायची असते आणि आज सोमवार संपत आला, तेव्हा आत्ता ईमेल करा. पीएनआर, डब्ल्यूसीएचसी (अजिबात चालता न येणाऱ्यांचा कोड), खुर्चीची मापं, वजन, बॅटरी 288 वॅट-आवर, आयल चेअर (विमानातल्या अरुंद वाटेतून न्यायची खुर्ची) हवी, सगळं एकाच मेलमध्ये. डब्ल्यूसीएचआर टाकू देऊ नका, त्याचा अर्थ पायऱ्या चढता येतात असा होतो आणि मग शिडीपाशी आणून सोडतात. जॉयस्टिक निघत असेल तर काढून हातात घ्या. गिअर मोकळा करायचा खटका कुठे आहे ते हिंदीत लिहून खुर्चीला चिकटवा, नाहीतर लोडर ती ओढत नेतात आणि मोटर जाते. देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा.

वकील_गल्लीतला
तरी मोडली तर विमानतळ सोडण्याआधी लेखी नोंद करा. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या नुकसानीला 20,000 ची मर्यादा दाखवतात. म्हणून चेक-इनलाच खरी किंमत जाहीर करता येते का विचारा, थोडं शुल्क पडतं. तक्रार आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, मग एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर.

मराठवाडी_मित्र
रेल्वेने जा ना भाऊ. दिव्यांगांचा डबा असतो.

संत्र्याची_साल
नागपूर-बंगळुरू किती तास लागतात माहीत आहे का बाप्पा?

मेल केला होता, सकाळी उत्तर आलं: "आपली विनंती नोंदवली आहे." बॅटरीचं आणि वजनाचं अवाक्षर नाही. ही मंजुरी समजायची का?

चाकांवर_चार_धाम
नाही. फोन करून पीएनआरवर काय नोंदलंय ते वाचून दाखवायला सांगा. बॅटरी दिसत नसेल तर त्याच मेलला उत्तर देऊन पुन्हा विचारा. आणि खुर्ची बंगळुरूला विमानाच्या दाराशी परत हवी हेही त्यात लिहा, नाहीतर ती पट्ट्यावर जाते.

संत्र्याची_साल
लावतो फोन. होल्डवर आहे तोवर कुणी सांगा, बंगळुरू एअरपोर्टवरून 26 किलोची खुर्ची डिकीत मावेल अशी टॅक्सी मिळते का?

मराठवाडी_मित्र
घडी केल्यावर रुंदी किती?