मदत हवी आहे: नाटोचं कलम ४ आणि आपली '२+२' बैठक

नमस्कार मंडळी, साताऱ्यात राहून राज्यसेवेची तयारी करतोय. काल अभ्यासिकेबाहेर यावरून आमची चांगलीच जुंपली, चहा गार झाला तरी निकाल नाही.

नाटो, म्हणजे अमेरिका आणि युरोपातल्या देशांची लष्करी आघाडी; तिच्या १९४९ च्या करारातलं कलम ५ सगळ्यांना पाठ: एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर. वापरलं एकदाच, २००१ मध्ये. कलम ४ मात्र नुसतं सल्लामसलतीचं. सप्टेंबर २०२५ मध्ये रशियन ड्रोन हद्दीत घुसल्यावर पोलंडने तेच पुढे केलं. माझ्या क्लासच्या नोट्समध्ये दोन्हींची पार खिचडी झालीय!

आता भारत कुठल्याच लष्करी आघाडीत नाही. मग अमेरिकेबरोबर २०१८ पासून होणारी परराष्ट्र आणि संरक्षण मंत्र्यांची '२+२' बैठक या पंगतीत बसवायची का? उत्तरात हा फरक कसा मांडाल? कुणी लिहून पाहिलं असेल तर वहीच्या पानाचा फोटो टाका, अक्षर कसंही चालेल.