दापोलीकडे लाकडी सांगाड्याचे कौलारू घर : लाकडाचा हिशोब आणि बजेट कसे काढावे?

पडवी :
नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात, समुद्रापासून साधारण ६ किलोमीटर आत एनए जागा आहे. तिथे २४ × ३६ फुटांचे एकमजली घर बांधायचे आहे. खांब, तुळया, वासे लाकडाचे, वर मंगलोरी कौले आणि खांबांच्या मध्ये चिऱ्याची (जांभ्या दगडाची) ९ इंची भिंत. आरसीसी नको, हे घरात पक्के झाले आहे. सगळे मिळून २२ लाखांत बसवायचे आहे.

मिळालेले दर असे : कापीव साग ३,२०० रुपये घनफूट, किंजळ किंवा ऐन १,६००. सुतार बसवलेल्या लाकडावर घनफुटाला ६०० मागतो. कौल जागेवर पोच ४५ रुपये. ठेकेदार मात्र 'लाकूड, मजुरी, कौले धरून चौरस फुटाला ६०० पकडा' म्हणतो, म्हणजे ५,१८,४०० रुपये. हा आकडा बरोबर आहे का?

दुसरे म्हणजे, आमच्याच जागेत सागाची ९ झाडे आहेत. वय सुमारे २५ वर्षे, छातीच्या उंचीवर घेर ३ फूट. ती तोडली तर साग विकत घ्यावा लागणार नाही ना? दिवाळीनंतर काम सुरू करून मेअखेर छप्पर चढवायचा विचार आहे.

रंधा :
चौरस फुटाच्या दराने लाकडी घराचा हिशोब काढू नका. जमिनीचे क्षेत्रफळ तेच ठेवून छपराचा उतार, वळचण किंवा खांबांमधले अंतर बदलले की लाकूड पाऊणपट किंवा दीडपट होते. आधी प्रत्येक तुकड्याची यादी करा. रुंदी इंचात × जाडी इंचात × लांबी फुटात, भागिले १४४, म्हणजे घनफूट.

तुमच्या मापाचा ढोबळ हिशोब मांडतो. लांबीत दर ९ फुटांवर एक अशा ५ रांगा, प्रत्येक रांगेत ३ खांब. बाहेरचे १० खांब ६×६ इंची, कुसू (सांध्यात बसणारे टोक) धरून साडेनऊ फूट : २४ घनफूट. मधले ५ खांब आढ्यापर्यंत, तुळईखाली ९ आणि वर ७ फूट अशा दोन तुकड्यांत : २०. आडव्या तुळया ४×८ इंची, ५ ओळी, प्रत्येकी २५ फूट : २८. बाहेरच्या खांबांच्या डोक्यावरून जाणारे दोन पाट ४×६ : १४. आढे ४×८ : ९. वाशांना मध्यावर आधार देणारी पर्लिन ४×६, दोन ओळी : १४. तिच्याखालचे टेकू ४, कोपऱ्यांतले तिरपे आधार १०. वासे २×४, दर २ फुटांवर, ४२ नग, जोड धरून १८ फुटी : ४२. रिपा (कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्या) २ × दीड इंची, सुमारे १,४४० फूट : ३०. बेरीज १९५, त्यावर १० टक्के घट धरून २१५ घनफूट. दारे-खिडक्या यात नाहीत, त्यांची यादी वेगळी करा.

सगळा साग घेतला तर ६,८८,००० रुपये होतात. तशी गरज नाही. पावसाचा मारा बसणारे बाहेरचे खांब आणि पाट सागाचे ठेवा. वासे-रिपाही सागाच्याच, कारण ऐनाचा बारीक तुकडा वाळताना पिळतो आणि आधी भोक पाडल्याशिवाय त्यात खिळा जात नाही. मधले खांब, तुळया, आढे, पर्लिन आणि आधार ऐन-किंजळाचे चालतात, ताकदीला ते सागापेक्षा कमी नाहीत. मग साग १२१ घनफूट, ऐन ९४. एकूण ५,३७,६०० रुपये, म्हणजे दीड लाख वाचले.

सुताराची मजुरी १९५ घनफुटांवर १,१७,०००. ती बसवलेल्या मापावर ठरवा, विकत आणलेल्या मापावर नको, नाहीतर घटीचीही मजुरी भराल. कौलांसाठी छपराचे क्षेत्रफळ घ्या, घराचे नाही. ३० अंशांचा उतार, अडीच फूट वळचण आणि दोन्ही टोकांना २ फूट पुढे काढले तर ते १,३४० चौरस फूट भरते. चौरस मीटरला १५ कौले या हिशोबाने १,८७० लागतात. फूटतूट धरून २,००० मागवा, ९०,००० रुपये.

इथवर ७,४४,६०० झाले. बोल्ट-पट्ट्या, कोन्याची (आढ्यावरची) कौले, वाळवीची फवारणी, परांची आणि गाडीभाडे धरून ८ लाखांच्या पुढे जाईल. ठेकेदाराच्या ५ लाख १८ हजारांत हे बसत नाही. त्या दरात काम घेतलेच तर कुठेतरी लाकूड बारीक होणार, बहुतेक वाशांत आणि रिपांत, कारण कौले चढल्यावर ते कोणी मोजत नाही.

आणखी एक. सरळ २५ फुटी तुळईच्या मागे लागू नका. १२-१३ फुटांचे दोन तुकडे घ्या, जोड नेमका मधल्या खांबावर आणा. ६ इंची खांबावर प्रत्येक तुकड्याला जेमतेम ३ इंच बैठक मिळते, म्हणून खांबाच्या डोक्यावर दीड-दोन फुटांची लाकडी उशी ठेवा आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी मारून आरपार बोल्ट घाला. वासेही पर्लिनवर जोडले तर ९ फुटी माल चालतो, तो स्वस्त आणि सहज मिळतो. ही मापे बजेटपुरती आहेत. अंतिम मापे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आयएस ८८३ (लाकडी बांधकामाचे भारतीय मानक) प्रमाणे तपासून घ्या.

घेर_भागिले_चार :
नऊ झाडांबद्दल. ओंडका मोजायची बाजारातली पद्धत अशी : मधला घेर भागिले ४, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. तुमच्या झाडांचा १४ फुटी ओंडका धरला आणि मध्यावर घेर ३२ इंच, तर ८ × ८ × १४ ÷ १४४ = ६.२ घनफूट. नऊ झाडांचे ५६. या वयाच्या सागाला सालीलगतचा पांढुरका भाग बराच असतो आणि वाळवी-भुंगा तिथूनच शिरतो. तो काढून चौकोनी माल ३० घनफुटांच्या आसपास निघेल. चौकटींना पुरेल, सांगाड्याला नाही. बांधकामाचा साग विकतच घ्यावा लागणार.

झाडे जागेतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६४ च्या झाडे तोडण्याच्या अधिनियमात साग अनुसूचित आहे, ऐन, किंजळ, फणस, आंबाही आहेत. सातबारा आणि नकाशासह वन विभागाकडे अर्ज, हद्द पक्की, झाडांची पाहणी, मग परवानगी. तोडल्यावर माल रस्त्यावर आणायला वाहतूक परवाना वेगळा. सातबाऱ्यावर सामायिक नावे असतील तर सगळ्यांची संमती आधीच घ्या, अर्ज अडतात ते बहुतेक तिथेच. वखारीतून घेतलेल्या मालाचेही बिल आणि परवान्याची प्रत जपून ठेवा.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. दिवाळीनंतर घेतलेला ओला ऐन मार्चमध्ये उभा केलात तर तो छपरात बसून वाळेल. आठ इंची तुळई वाळताना उंचीत सुमारे पाव इंच बसते, सांधे सैल होतात, खुंट्या वाजायला लागतात आणि कौलांच्या ओळी वाकड्या दिसतात. लाकूड आत्ताच घ्या, कापून घ्या आणि शेडमध्ये रचा. जमिनीपासून फूटभर वर, प्रत्येक थरात दर २ फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या, पट्ट्या एकाखाली एक. टोकांना लगेच मेण किंवा जाड ऑइलपेंट लावा, नाहीतर टोके आधी वाळतात आणि हातभर चिरा जातात. वापरण्याआधी मॉइश्चर मीटरने ओलावा बघा, पण वरवर टोचून नको. टोकापासून फूटभर कापून ताज्या कापावर, गाभ्यात टोचा. १५-१६ टक्के आला की सांधे कापायला घ्या. सहा इंची खांबांचा गाभा एका हंगामात तिथवर येत नाही, म्हणून खांबांसाठी तरी वाळलेला माल शोधा.

पडवी :
फार मोलाची माहिती. वाळलेल्या मालावरून विचारतो : पाडलेल्या जुन्या घरांचा साग मिळतो, तो घ्यावा का? आणि निसर्ग वादळात आमच्या भागात कौले, अख्खी छपरेही उडाली होती. त्यासाठी काय करावे?

तळखडा :
जुना साग जरूर घ्या, विशेषतः खांबांना. तो पूर्ण वाळलेला असतो आणि बहुधा गाभ्याचाच असतो. तीन गोष्टी बघा. एक, जुनी भोके आणि खाचा : ६×६ च्या खांबात मध्यावर २ इंची आरपार भोक असेल तर तिथे तो ६×४ च उरतो, म्हणून खाचेची जागा नव्या सांध्यापासून दूर येईल असा तुकडा निवडा. दोन, खांबाचे खालचे टोक आणि भिंतीत गाडलेली तुळईची टोके : तिथे पटाशी टोचून बघा, भुसा निघाला तर तेवढे कापून उरलेल्याच लांबीचे पैसे द्या. तीन, आत मोडलेले खिळे : वखारवाला त्यासाठी करवतीचे पाते लावण्याचे वेगळे पैसे घेतो, ते दरात धरा.

वादळाचे सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगडलाही जबर फटका बसला. कोरडे मंगलोरी छप्पर चौरस मीटरला कौलांचे ४० किलोसुद्धा वजन देत नाही. वळचणीखालून वारा शिरला की कौले उचलली जातात आणि वासे पाटावर नुसते खिळ्यांनी धरलेले असतील तर खिळे सरळ उपसून येतात. म्हणून साखळी जोत्यापर्यंत अखंड हवी. वासा आणि पाट जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पट्टीने, पाट आणि खांब बोल्ट-पट्टीने, खांब आणि जोते १६ मिलिमीटरच्या सळईने. वळचणीच्या तीन ओळी, दोन्ही टोके आणि आढ्यालगतची ओळ तांब्याच्या किंवा स्टीलच्या तारेने रिपेला बांधा. वळचण अडीच फुटांपेक्षा वाढवू नका. जास्त सावली हवी असेल तर पडवीचे छप्पर वेगळे आणि खाली घ्या, उडाले तर तेवढेच जाईल.

खारी हवा आहे, त्यामुळे सगळे लोखंड हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड हवे. साध्या खिळ्याभोवती ऐन काळा पडतो आणि खिळा आतून गंजून बारीक होतो.

खांब जमिनीत किंवा काँक्रीटमध्ये गाडू नका, या घरांचे आयुष्य तिथेच ठरते. दगडी तळखडा (खांबाखालचा दगड) फरशीच्या वर ६ ते ९ इंच, माथ्याला बाहेरच्या बाजूने किंचित उतार, दगड आणि लाकूड यांच्यामध्ये बिटुमिनचा पत्रा. जांभा पाणी ओढतो, म्हणून तळखडा काळ्या दगडाचा घ्या. त्याच्या चारही बाजू उघड्या दिसू द्या. वाळवी मातीची नळी करून चढते, ती दिसली तर वेळेत मोडता येते. चिऱ्याची भिंत खांबाला गच्च भिडवू नका, अर्धा इंच फट ठेवून चुन्याच्या मऊ गिलाव्याने भरा.

जोत्याचे भरण झाल्यावर वाळवीनाशक फवारणी आयएस ६३१३ प्रमाणे चौरस मीटरला ५ लिटर, पायाच्या बाजूंना साडेसात. तुमच्या ८० चौरस मीटरला नुसत्या पृष्ठभागासाठीच ४०० लिटर द्रावण लागते. २० लिटरच्या पंपाच्या दोन-चार फेऱ्या मारून 'झाले' म्हणणाऱ्याला थांबवा. ऐन-किंजळ ओले असतानाच १०० लिटर पाण्यात ६ किलो टाकणखार (बोरॅक्स) आणि ४ किलो बोरिक पावडर गरम करून विरघळवा, त्यात बुडवा आणि काही आठवडे प्लास्टिकखाली झाकून ठेवा, म्हणजे ते आत मुरते. वाळलेल्या लाकडावर ब्रश मारून हे साधत नाही. पावसाने हे द्रावण धुऊन जाते, म्हणून ते आतल्या लाकडापुरतेच.

घनफूट_खाते :
पैशांच्या वेळेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून. कर्ज घेणार असाल तर बँकेचे हप्ते जोते, लिंटेल, स्लॅब अशा टप्प्यांनी सुटतात. लाकडी घरात सर्वात मोठी रक्कम, तुमची ५ लाख ३७ हजारांची, जोत्याच्याही आधी वखारीला द्यावी लागते. ती स्वतःची शिल्लक हवी. बँकेकडे जाताना इंजिनिअरचे अंदाजपत्रक 'लाकूड खरेदी' हा वेगळा टप्पा दाखवून न्या आणि मंजुरीपत्रात तो लिहून घ्या. सांगाडा लाकडी आहे हे विमा प्रस्तावात स्पष्ट लिहा, लपवले तर दावा अडकतो.

वखारीचा दर जीएसटी धरून की सोडून, आणि कापण्याची मजुरी त्यात आहे का, हे लेखी घ्या. माप कापल्यानंतरचे की रंधा मारल्यानंतरचे, तेही. ६×६ चे रंधून पावणेसहा होते, तेव्हा इंजिनिअरला पावणेसहाच सांगा.

२२ लाखांतून सांगाडा-छपराचे सव्वाआठ आणि हाताशी २ लाख राखून ठेवले तर जोते, चिरा, फरशी, दारे, वीज, पाणी, संडासाची टाकी यांना पावणेबारा उरतात. घट्ट आहे. कमी करायचेच असेल तर लाकूड बारीक करू नका. बाहेरचे १० खांब वगळून पाट थेट चिऱ्याच्या भिंतीवर टाका. २४ घनफूट साग आणि मजुरी मिळून ९० हजारांच्या वर वाचतात. मात्र तेव्हा भिंत ९ इंची चालणार नाही, वजन घेणारी जाड लागेल आणि पाट बोल्टने धरायला माथ्यावर पट्टाही लागेल. दोन्हींचे अंदाजपत्रक शेजारी ठेवून बघा. या मापाच्या घरात फरक फारसा उरत नाही, म्हणून माझे मत खांब ठेवण्याकडेच आहे.

रंधा :
वेळापत्रकात एवढे धरा : जोते डिसेंबरअखेर, सांधे कापणे जानेवारी-फेब्रुवारी, उभारणी मार्च, कौले एप्रिल. सगळे सांधे जमिनीवर एकदा जुळवून, प्रत्येक टोकाला छिन्नीने खूण करून मगच वर चढवा. खांबांचा वाळलेला माल नोव्हेंबरपर्यंत हातात आला नाही, तर यंदा जोते आणि लाकडाची शेड एवढेच करा आणि सांगाडा पुढच्या हंगामात घ्या.