मदत हवी आहे : रोबोटच्या दुसऱ्या ॲक्सिसची मोटर दुपारीच का तापते?

नमस्कार. जळगाव एमआयडीसीतील एका डाळ मिलमध्ये मी मेंटेनन्सचे काम पाहतो. डाळीची पोती पॅलेटवर रचण्यासाठी आमच्याकडे चार ॲक्सिसचा (चार हलत्या सांध्यांचा) एक रोबोट आहे. त्याची उचलण्याची क्षमता १०० किलो, ग्रिपरचे (पोते पकडणाऱ्या पंजाचे) वजन ३८ किलो आणि पोते ३० किंवा ५० किलोचे असते. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याच्या दुसऱ्या ॲक्सिसची सर्वो मोटर, म्हणजे संपूर्ण हात खांद्यापासून वर-खाली करणारी मोटर, जळाली. नवी मोटर येईपर्यंत सहा आठवडे सगळी रचाई हमालांच्या पाठीवर गेली. आता वर्ष होत आले आणि त्याच जागी बसवलेली दुसरी मोटरही त्याच वाटेने चालली आहे. तिसरी मोटर खोक्यात येऊन पडली असून मालकांचे म्हणणे आहे की रविवारी ती बसवून मोकळे व्हावे. कारण सापडल्याशिवाय ती बसवायला माझे मन तयार होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

लक्षणे सविस्तर लिहितो. सकाळी सातला रोबोट सुरू होतो तेव्हा काहीही तक्रार नसते. दुपारी दोननंतर दुसऱ्या ॲक्सिसचा ओव्हरलोड अलार्म येऊ लागतो, अर्धा तास थांबवले की जातो आणि पुन्हा येतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिले तर दुपारी तीन वाजता दुसऱ्या ॲक्सिसच्या मोटरचे अंग ९२ अंश आणि तिसऱ्या ॲक्सिसचे ६१ अंश भरते. टीच पेंडंटवर (रोबोट चालवायच्या हातातल्या पॅनेलवर) दिसणारा सरासरी करंट जानेवारीत ६४ टक्के होता, तो आता ८८ टक्क्यांवर गेला आहे. प्रोग्राम, वेग आणि पोत्यांचे वजन यांत मधल्या काळात काहीही बदल केलेला नाही.

यंत्रावर उभा राहणारा आमचा ऑपरेटर धरणगावकडचा आहे. अलार्म सुरू होण्याच्या आधी दोन आठवडे तो मला म्हणाला होता, "भाऊ, जेवणनंतर हात जड चाली ऱ्हायना," म्हणजे जेवणानंतर हात जड चालतो आहे. मी त्या वेळी पेंडंटवरचे आकडे पाहिले, ते मर्यादेत होते, आणि मी त्याचे बोलणे तिथेच सोडले. ते सोडायला नको होते, असे आता वाटते.

गेल्या वर्षी जळालेली मोटर मी उघडून पाहिली होती. तीन फेजांपैकी दोन जोड्यांचा रोध १.४ ओहम होता आणि तिसऱ्या जोडीचा ०.९ ओहम, म्हणजे वेढे आपसात चिकटले होते. वाइंडिंगचे वार्निश सगळीकडे सारखेच काळे पडले होते. एखाद्याच ठिकाणी भाजल्याचा डाग नव्हता. शाफ्टच्या बाजूने गिअरबॉक्सचे ग्रीस आत आलेले नव्हते, म्हणजे ऑइल सील शाबूत होते. पुरवठादाराकडून आलेल्या गृहस्थांनी 'व्होल्टेज कमी-जास्त होते' असे लिहून दिले आणि ते गेले. मला ते पटत नाही, कारण ड्राइव्ह आधी विजेचे डीसी करते आणि मग मोटरला हवी तशी वीज स्वतः घडवून देते. लाइनच्या चढउतारामुळे ड्राइव्ह बंद पडेल, अलार्म देईल. पण वाइंडिंग असे संथपणे, चोहीकडून सारखे शिजणार नाही.

उष्णतेचा भाग आहेच. बहुतेक कंपन्या रोबोटसाठी भोवतालचे तापमान ४५ अंशांपर्यंत मान्य करतात, आणि मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो आकडा दुपारी सहज ओलांडला जातो. वाइंडिंगच्या तापमानात १० अंशांची वाढ झाली की इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा जुना नियम मला माहीत आहे. कंट्रोल पॅनेलच्या पंख्यांचे फिल्टर चुनीने (डाळीच्या चुऱ्याने) इतके माखले होते की हाताने पोळीसारखा थर निघाला. ते आता दर आठवड्याला साफ होतात. परंतु शेड सगळ्याच मोटरींना सारखीच तापवते. मग एकाच ॲक्सिसची मोटर का जावी?

माझे प्रश्न असे आहेत. दोष मोटरचा आहे, गिअरबॉक्सचा आहे की ब्रेकचा, हे मोटर न उतरवता कसे ओळखावे? मेगर (इन्सुलेशन तपासायचे मीटर) लावताना कोणती काळजी घ्यावी? आणि जळालेली जुनी मोटर रिवाइंड करून (नव्याने तार भरून) जादा म्हणून ठेवणे शहाणपणाचे ठरेल का?

प्रतिसाद १ (सातपूर, नाशिक, वेल्डिंग लाइनवरील रोबोट)

आपण मोटर बसवायची घाई केली नाही, हे फार चांगले झाले. प्रथम कंट्रोलरमध्ये भरलेले वजन, वजनाचा मध्य आणि जडत्व हे तीन आकडे तपासा. ग्रिपर बदलला की अनेक ठिकाणी हे आकडे जुनेच राहतात, आणि मग कंट्रोलर चुकीच्या हिशेबाने हात झटक्याने उचलतो. त्यानंतर रिकाम्या ग्रिपरने फक्त दुसरा ॲक्सिस संथ आणि एकसारख्या वेगाने वर न्या, तसाच खाली आणा आणि दोन्ही वेळचा करंट चिन्हासकट लिहून ठेवा. मोजणी दोन्ही वेळा हाताच्या एकाच स्थितीत करा, उदाहरणार्थ हात आडवा असताना. हाताचे वजन वर जाताना विरोधात आणि खाली येताना बाजूने काम करते, घर्षण मात्र दोन्ही वेळा विरोधातच असते. म्हणून दोन वाचनांच्या फरकाच्या निम्मे म्हणजे घर्षण, आणि दोन्हींची सरासरी म्हणजे वजन पेलण्याचा भाग. वजनाचा भाग वाढला असेल तर तोल सांभाळणारी स्प्रिंग किंवा सिलिंडर पाहा. घर्षण वाढले असेल तर गिअरबॉक्स किंवा ब्रेक.

प्रतिसाद २ (भुसावळ, मोटर रिवाइंडिंग)

भाऊ, वरच्या प्रतिसादात सांगितलेले वाचन एकदा सकाळी सात वाजता आणि एकदा दुपारी तीन वाजता घ्या. गिअरबॉक्स गरम झाला की ग्रीस पातळ होते आणि घर्षण कमी होते. ब्रेकचे उलट असते. मोटरच्या आतला ब्रेक स्प्रिंगने लागलेला असतो आणि २४ व्होल्ट डीसी मिळाले की कॉइल त्याला ओढून सोडवते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल २५ अंशांवरून ९० अंशांवर गेली की तो जवळपास २५ टक्क्यांनी वाढतो, करंट सुमारे २० टक्क्यांनी घटतो आणि चुंबकाची ओढ कमी पडते. त्यातच व्होल्टेज कमी पोहोचत असेल तर ब्रेक पूर्ण सुटत नाही, अस्तर घासत राहते, मोटर ब्रेक ओढत चालते आणि त्या घर्षणाची उष्णता पुन्हा त्याच डब्यात जमते. आपल्या ऑपरेटरने सांगितलेले 'जेवणनंतर' हेच मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते.

व्होल्टेज मोजताना एक चूक नेहमी होते. लोक कनेक्टर काढून मोकळ्या पिनांवर मीटर लावतात आणि २४ दिसले की समाधान मानतात. करंट वाहत नसताना तुटत आलेली तारही पूर्ण व्होल्टेज दाखवते. ब्रेक जोडलेला ठेवून, तो सोडवलेल्या अवस्थेत, मोटरच्या अगदी जवळ मोजा. मात्र त्याआधी हात लाकडी ठोकळ्यांवर किंवा स्टँडवर टेकवा आणि वरून चेन ब्लॉकने बांधा. या ॲक्सिसचा ब्रेक सुटला आणि मोटरमध्ये ताकद नसली तर संपूर्ण हात खाली येतो. त्या हाताखाली कोणीही उभे राहू नये.

मेगर ५०० व्होल्टचा वापरा. मोटर ड्राइव्हपासून पूर्ण सोडवा आणि फक्त यू, व्ही, डब्ल्यू या तीन फेज व अर्थ यांच्यातच लावा. एन्कोडरच्या (मोटरचा कोन मोजणाऱ्या सेन्सरच्या) तारांना मेगर लागला तर एन्कोडर जागीच संपतो.

रिवाइंडिंगविषयी प्रामाणिकपणे सांगतो. केळीच्या बागांच्या सबमर्सिबल मोटरी आम्ही वर्षभर बांधतो, त्यात आमचा हात बसलेला आहे. सर्वो मोटरची गोष्ट वेगळी आहे. रोटरवर कायमचे चुंबक असतात, रोटर बाहेर काढताना ते तडकू शकतात, आणि एन्कोडरचा कोन रोटरशी पुन्हा जुळवावा लागतो. ज्यांच्याकडे तो कोन जुळवण्याची सोय आहे त्यांच्याकडेच मोटर द्या. आमच्याकडे ती नाही, म्हणून मी असे काम घेत नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद (चार दिवसांनी)

आपण दोघांनी सांगितले त्याच क्रमाने सगळे केले. वजन, मध्य आणि जडत्व यांचे आकडे बरोबर निघाले. सकाळी सातला वर जाताना ५४ टक्के आणि खाली येताना २६ टक्के आले, म्हणजे घर्षण १४ आणि वजनाचा भाग ४०. दुपारी तीनला वर जाताना ७१ आणि खाली येताना ९ टक्के, म्हणजे घर्षण ३१ आणि वजनाचा भाग तोच ४०. आकडे कागदावर मांडताच स्प्रिंगची शंका संपली आणि गिअरबॉक्सचीही.

मग हात टेकवून, बांधून, ब्रेकचे व्होल्टेज मोजले. पॅनेलमध्ये २४.१ होते. मोटरच्या कनेक्टरवर, ब्रेक जोडलेला असताना, १८.६ होते. मीटर तसाच ठेवून ऑपरेटरने खांद्याजवळची केबल हळूच वाकवली, तेव्हा आकडा १६ पासून २२ पर्यंत नाचू लागला. केबल जिथे खांद्याच्या वळणातून जाते तिथे तिला घट्ट टाय मारून बांधले होते आणि प्रत्येक फेरीत ती नेमकी त्याच एका जागी मोडत होती. बाहेरचे आवरण धड होते. ते कापल्यावर ब्रेकच्या तारेतील बहुतेक बारीक तारा तुटलेल्या दिसल्या, चार-पाच तेवढ्या शिल्लक होत्या आणि त्यांचा रंग निळसर झाला होता. गेल्या वर्षी मोटर बदलताना ही केबल आम्ही जशीच्या तशी परत जोडली होती, त्यामुळे दुसऱ्या मोटरलाही पहिल्या दिवसापासून तसाच अर्धवट सुटलेला ब्रेक ओढावा लागला असणार.

केबल पूर्ण नवी टाकली. जोड दिला नाही, कारण सतत वाकणाऱ्या जागी जोड टिकत नाही. वळणात टाय न मारता तिला मोकळा वळसा ठेवला आहे आणि वळणाच्या दोन्ही बाजूंना रबरी पॅडसह क्लॅम्प लावले आहेत. आता मोटरजवळ २३.७ व्होल्ट मिळतात. काल दुपारी तीनला त्याच मोटरचे अंग ६८ अंश होते, घर्षण १३ टक्के आले आणि दिवसभरात एकही अलार्म आला नाही.

एक काळजी मात्र उरली आहे. मोटरच्या मागच्या बाजूला ब्रेकच्या अस्तराची काळी भुकटी साचलेली दिसली. वर्षभर घासलेला ब्रेक वीज गेल्यावर ५० किलोच्या पोत्यासह हात धरून ठेवील, याची खात्री मला वाटत नाही. पोते उचललेल्या स्थितीत सर्वो बंद केल्यावर हात ३ मिलिमीटर खाली सरकला आणि मग थांबला. त्यामुळे खोक्यातली मोटर रविवारी बसवायचीच, असे मालकांशी बोलून ठरवले आहे. उतरवायच्या मोटरचे वाइंडिंग चांगले आहे, मेगरवर ती स्वच्छ आली. तिचा फक्त ब्रेक बदलून ती जादा म्हणून ठेवता येईल. बसवण्याआधी हात शून्य स्थितीला नेऊन खुणा जुळवून घेणार आहे, म्हणजे एन्कोडरची जागा हरवली तरी मास्टरिंग करताना (शून्य स्थिती पुन्हा ठरवताना) आधार राहील.

कोणी सर्वो मोटरचा आतला ब्रेक स्वतः बदलला असेल, तर अस्तर आणि चकती यांच्यातील फट किती ठेवली आणि ती कशाने मोजली, एवढे कृपया सांगावे.