शब्दचर्चा : ‘ग्लॅमर मॉडेल’, ‘निवेदिका’ की ‘सूत्रसंचालिका’?

प्रश्न

सिल्वी मेइस या डच बाईंच्या कारकिर्दीवरचा जर्मन मजकूर मराठीत आणते आहे. मुळात त्यांना ‘मोडेराटोरिन’ म्हटलंय. आपल्याकडे मॉडरेटर म्हणजे दहावीच्या उत्तरपत्रिका तपासणारे नियामक, ते इथे अजिबात बसत नाही. इंग्रजी लेखांत ‘ग्लॅमर मॉडेल’ असंही येतं. माझं सध्याचं वाक्य : ‘फुटबॉलपटू राफाएल व्हॅन डेर वार्टची पूर्वपत्नी, ग्लॅमर मॉडेल आणि निवेदिका सिल्वी मेइस.’ कसं वाटतं?

प्रतिसाद

जर्मनमध्ये टीव्हीवरचा कार्यक्रम चालवणाऱ्याला मोडेराटोर म्हणतात, स्त्री असेल तर मोडेराटोरिन. वादात मध्यस्थी करण्याचा अर्थ तिथे मनात आणू नका.

‘ग्लॅमर मॉडेल’ मात्र काढाच. मराठीत ‘ग्लॅमर’ म्हणजे झगमगाट, वलय. ‘त्या क्षेत्राला आता ग्लॅमर आलंय’ असं आपण शेतीबद्दलसुद्धा बोलतो. ब्रिटिश पेपरांच्या भाषेत ग्लॅमर मॉडेल म्हणजे पुरुषांच्या मासिकांसाठी तोकड्या कपड्यांत किंवा कपड्यांविना फोटो देणारी. मराठी वाचकाला यातलं काहीच कळणार नाही, तो नुसतं ‘झगमगती मॉडेल’ असं समजेल. मेइसबाईंची ओळख आहे ती अंतर्वस्त्रांच्या जाहिरातींमुळे, विशेषतः हुंकेम्योलर या डच कंपनीच्या. तेव्हा ‘अंतर्वस्त्रांच्या जाहिराती करणाऱ्या मॉडेल’ असं सरळ लिहा. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

जाता जाता : ‘ग्लॅमर’ हा स्कॉटलंडकडचा शब्द, ‘ग्रॅमर’चंच बदललेलं रूप. व्याकरण म्हणजे विद्या, गूढ विद्या म्हणजे जादूटोणा, आणि त्यातून मोहिनी.

प्रतिसाद

‘निवेदिका’ राहू द्या की. आटोपशीर आहे, आकाशवाणी-दूरदर्शनपासून कानाला सवय आहे.

प्रतिसाद

सवय आहे हे खरं, पण ती कुठल्या कामाची? समोरचा मजकूर नेमक्या उच्चारात वाचायचा, दोन कार्यक्रमांमधला दुवा सांधायचा. मेइसबाई सुरुवातीला नेदरलँड्समध्ये फॉक्स किड्स आणि टीएमएफ या संगीतवाहिनीवर झळकल्या, तिथपर्यंत ‘निवेदिका’ चालेल. टीएमएफच्या कामाला तर ‘व्हीजे’ हाच शब्द आपल्याकडे रुळलाय.

आरटीएल या जर्मन वाहिनीवरचा ‘लेट्स डान्स’ हा नृत्यस्पर्धेचा कार्यक्रम वेगळा. प्रक्षेपण थेट असतं. जोडी नाचून थांबते, धाप लागलेली असते. तिघे परीक्षक दहापैकी गुणांच्या पाट्या वर करतात. त्या क्षणी स्पर्धकाला बोलतं करायचं, कमी गुण पडले तर सावरून घ्यायचं, प्रेक्षकांना फोनवरून मत द्यायची आठवण करायची आणि वेळ पाळायची. बाईंनी हे काम 2011 ते 2017 डानिएल हार्टविश यांच्या जोडीने केलं, तेही मातृभाषेत नव्हे, जर्मनमध्ये. याला सूत्रसंचालनच म्हणायला हवं. कार्यक्रमाची सूत्रं खरोखर हातात असतात.

2008 ते 2011 त्या ‘दास सुपरटॅलेंट’ या कलागुणांच्या स्पर्धेच्या परीक्षक होत्या. तिथे मात्र ‘सूत्रसंचालिका’ लिहू नका.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. वाक्याची सुरुवात नवऱ्यापासून का? घटस्फोट 2013 मध्ये झाला. टीव्हीचं काम लग्नाच्या आधीपासूनचं आहे, नंतरही चालू राहिलं. 2009 मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली, आणि 2010 मध्ये त्याच ‘लेट्स डान्स’मध्ये त्या स्पर्धक म्हणून उतरल्या, दुसऱ्या आल्या. पुढच्या वर्षी सूत्रसंचालिका. हा क्रम वाचकाला दिसला पाहिजे. फुटबॉलपटूची पत्नी म्हणून ओळख देणारं वाक्य तो झाकून टाकतं. लग्नाचा उल्लेख जरूर करा, हॅम्बुर्गला त्या नवऱ्याच्या क्लबमुळे आल्या, पण तो त्याच्या जागी येऊ द्या.

प्रश्नकर्ती

पटलं. वाक्य बदललं : ‘अंतर्वस्त्रांच्या जाहिरातींतून पुढे आलेल्या डच मॉडेल आणि जर्मन टीव्हीवरच्या सूत्रसंचालिका सिल्वी मेइस.’ ‘डच’ऐवजी ‘वलंदाज’ लिहू का? मला तो शब्द फार आवडतो.

प्रतिसाद

मलाही आवडतो, पण वलंदाज म्हटलं की वेंगुर्ल्याची वखार आणि शिवकालीन कागदपत्रं डोळ्यांपुढे येतात. इथे ‘डच’च ठेवा. आणि 2013 पर्यंतच्या बातम्यांत त्यांचं आडनाव व्हॅन डेर वार्ट असं सापडेल, तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘पूर्वाश्रमीच्या’ घालू नका. मेइस हे माहेरचं नाव आहे, त्या परत त्यावर आल्या. ‘विवाहानंतर काही वर्षं व्हॅन डेर वार्ट’ एवढं पुरे.