शब्दचर्चा: 'कन्सर्न्ड ऑफिसर' की 'ऑफिसर कन्सर्न्ड'?

वेलांटी
'संबंधित अधिकारी' यासाठी इंग्रजीत 'द कन्सर्न्ड ऑफिसर' आणि 'द ऑफिसर कन्सर्न्ड' अशी दोन्ही रूपं वाचायला मिळतात. विशेषण नामाच्या आधी येतं हा नियम तर पहिल्याच धड्यात शिकवतात. मग दुसरं रूप कुठून आलं? दोन्हींचा अर्थ एकच का? आणि अशी आणखी विशेषणं आहेत का?

पदच्छेद
अर्थ एक नाही. 'अ कन्सर्न्ड ऑफिसर' म्हणजे काळजीत पडलेला अधिकारी. 'द ऑफिसर कन्सर्न्ड' म्हणजे ज्याच्याकडे ते काम आहे तो, आपला 'संबंधित' अधिकारी. भारतीय इंग्रजीत पहिलं रूप 'संबंधित' या अर्थाने सर्रास चालतं आणि संदर्भामुळे बहुतेकदा कळतंही. पण वाचणारा बाहेरचा असेल तर 'द कन्सर्न्ड पेरेंट्स' याचा अर्थ तो 'चिंतातुर पालक' असाच घेणार. म्हणून विशेषण नामानंतर ठेवावं, नाहीतर सरळ 'द रेलेव्हंट ऑफिसर' लिहावं.

जागा बदलली की अर्थ बदलतो अशी आणखी काही विशेषणं:

'द मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे बैठकीला हजर असलेले सदस्य. 'द प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे सध्याचे सदस्य, मग ते हजर असोत वा नसोत. इतिवृत्तात ही अदलाबदल झाली तर ठराव कोणी मंजूर केला याचाच घोळ होतो.

'द पर्सन रिस्पॉन्सिबल' म्हणजे ज्याच्यामुळे ते घडलं तो. 'अ रिस्पॉन्सिबल पर्सन' म्हणजे जबाबदारीने वागणारा माणूस. एक ठपका, दुसरी शाबासकी.

'द पीपल इन्व्हॉल्व्ड' म्हणजे त्यात गुंतलेले लोक, तर 'ॲन इन्व्हॉल्व्ड एक्स्प्लनेशन' म्हणजे किचकट स्पष्टीकरण.

अनुस्वार
यामागे एक सूत्र आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी १९६७ च्या एका लेखात ते नीट मांडलं. नामाआधीचं विशेषण त्या वस्तूचा कायमचा गुण किंवा तिचा प्रकार सांगतं. नामानंतरचं विशेषण त्या वेळेपुरती अवस्था सांगू शकतं. 'द व्हिजिबल स्टार्स' म्हणजे दिसू शकतील अशा प्रतीचे तारे. आज ढग असले तरी ते 'व्हिजिबल'च. 'द स्टार्स व्हिजिबल' म्हणजे आत्ता, या क्षणी दिसताहेत ते. 'प्रेझेंट' आणि 'कन्सर्न्ड' यांनाही हेच लागू पडतं: हजर असणं त्या बैठकीपुरतं, संबंध त्या प्रकरणापुरता.

वेलांटी
मग मराठी व्याकरणातलं अधिविशेषण आणि विधिविशेषण म्हणजे हेच का? 'चांगला मुलगा' आणि 'मुलगा चांगला आहे'?

पदच्छेद
पूर्णपणे नाही. मराठीतलं विधिविशेषण विधानात येतं, म्हणजे 'मुलगा चांगला आहे' यासारख्या रचनेत. इंग्रजीतही ती जागा आहे: 'द बॉय इज गुड'. पण 'द ऑफिसर कन्सर्न्ड' मध्ये विधान नाहीच. नाम आणि विशेषण मिळून अजून एकच पद आहे, क्रियापद पुढे यायचं आहे. म्हणजे इंग्रजीत जागा तीन: नामाआधी, नामाला चिकटून नंतर, आणि 'इज', 'सीम्स', 'लुक्स' अशा क्रियापदानंतर. प्रत्येक विशेषणाला तिन्ही जागा मोकळ्या नसतात. आपण चुकतो ते इथे, कारण मराठीत विशेषण कोणाचं आहे हे बऱ्याचदा त्याच्या शेवटच्या स्वरावरून कळतं (चांगला, चांगली, चांगले, चांगल्या). इंग्रजी विशेषणाला लिंग-वचनाचा विकारच नाही, त्यामुळे तिथे सगळं ओझं जागेवर पडतं.

काना-मात्रा
'ॲन अस्लीप चाइल्ड' चूक आणि 'अ स्लीपिंग चाइल्ड' बरोबर, हे त्यातलंच ना? 'अफ्रेड', 'अलाइव्ह', 'अलोन', 'अवेक' हेही नामाआधी चालत नाहीत. पण 'अलर्ट' चालतो. 'अ' ने सुरू होणारे सगळे एका माळेत का बसत नाहीत?

अनुस्वार
कारण त्या 'अ' चं मूळ वेगवेगळं आहे. 'अस्लीप' जुन्या इंग्रजीत दोन शब्दांचा होता: 'ऑन' आणि 'स्लीप' चं जुनं रूप, म्हणजे अक्षरशः 'झोपेत'. 'अलाइव्ह' ही तसाच, 'जीवनात'. 'ऑन' झिजून 'अ' उरला. आता मराठीत पाहा: 'मूल झोपेत आहे' चालतं, पण नुसतं 'झोपेत मूल' असं आपण म्हणत नाही, 'झोपेतलं मूल' म्हणतो. 'झोपेत' या शब्दाला नामाआधी बसायला '-लं' जोडावं लागतं. इंग्रजीत तशी सोय नाही, म्हणून दुसरा शब्द आणावा लागतो.

'अफ्रेड' मुळात एका जुन्या क्रियापदाचं धातुसाधित आहे आणि 'अलोन' म्हणजे 'ऑल वन'. त्यांचा 'ऑन' शी संबंध नाही, पण वागणुकीत ते याच गटात जाऊन बसले. 'अलर्ट' इटालियनमधून आला आणि साध्या विशेषणासारखाच राहिला: 'ॲन अलर्ट गार्ड'.

ओळखायची एक ढोबळ युक्ती आहे. सुरुवातीचा 'अ' काढून टाका. उरलेला शब्द स्वतंत्र नाम किंवा क्रियापद असेल (स्लीप, वेक, फ्लोट, ब्लेझ, ड्रिफ्ट), तर ते विशेषण नामाआधी ठेवू नका. 'अफ्रेड' आणि 'अलोन' या युक्तीत सापडत नाहीत, ते पाठच करावे लागतात.

नामाआधीचे पर्याय: 'अस्लीप' ऐवजी 'स्लीपिंग', 'अलाइव्ह' ऐवजी 'लिव्हिंग', 'अफ्रेड' ऐवजी 'फ्रायटन्ड', 'अलाइक' ऐवजी 'सिमिलर', 'अलोन' ऐवजी 'सॉलिटरी'. 'अवेक' ला चांगला पर्याय नाही. तिथे 'अ चाइल्ड हू इज अवेक' असंच लिहावं.

पदच्छेद
एक पुरवणी. याच शब्दांच्या आधी एखादा शब्द जोडला की ते नामाआधी येऊ शकतात: 'अ हाफ-अस्लीप चाइल्ड', 'अ वाइड-अवेक चाइल्ड'. आणि जोर देण्यासाठी यातल्या काहींचा सोबती ठरलेला आहे. गाढ झोपलेला 'फास्ट अस्लीप', टक्क जागा 'वाइड अवेक', चांगला जिवंत 'व्हेरी मच अलाइव्ह'. 'व्हेरी अस्लीप' कानाला खटकतं.

याच्या उलटा गट लहान आहे: 'मेन', 'मिअर', 'अटर', 'फॉर्मर', 'एल्डर'. हे फक्त नामाआधी. 'धिस रीझन इज मेन' चूक, 'धिस इज द मेन रीझन' बरोबर. यातला 'एल्डर' आपल्याला सतत अडवतो. 'माय एल्डर ब्रदर' ठीक, पण 'ही इज एल्डर दॅन मी' नाही. तिथे 'ओल्डर'.

वेलांटी
आता लांब विशेषणांचं सांगा. 'मुलाचा अभिमान असलेली आई' याचं इंग्रजी करताना शब्द कुठे ठेवायचे हेच कळत नाही.

काना-मात्रा
मराठी माणसाच्या इंग्रजीतली ही मला सगळ्यात मोठी अडचण वाटते, विशेषणांच्या क्रमाच्या कोष्टकांपेक्षाही. मराठीत नामाचं वर्णन कितीही लांबलं तरी ते नामाआधीच येतं. तीच सवय इंग्रजीत नेली की 'अ प्राउड ऑफ हर सन मदर' असं काहीतरी तयार होतं, आणि ते कोणालाही वाचता येत नाही.

इंग्रजीचा नियम असा: विशेषणाला स्वतःचं शेपूट असेल, तर शेपटासकट ते नामानंतर जातं. शेपूट म्हणजे 'ऑफ', 'फॉर', 'टू', 'विथ' वगैरेंनी सुरू होणारा भाग. 'अ मदर प्राउड ऑफ हर सन'. 'अ बुक सुटेबल फॉर चिल्ड्रन'. 'अ रूम फुल ऑफ बॉक्सेस'. विशेषणाआधी येणारा 'व्हेरी' किंवा 'क्वाइट' हे शेपूट नव्हे, म्हणून 'अ व्हेरी प्राउड मदर' जागच्या जागी राहतं.

लिहिताना आधी नाम शोधा आणि ते उपपदासकट लिहून टाका: 'अ बुक'. मग मराठी वर्णनातलं मुख्य विशेषण घ्या: 'सुटेबल'. त्याला 'कशासाठी, कशाचा, कोणाला' यांपैकी काही चिकटलं आहे का पाहा. असेल तर दोन्ही नामाच्या उजवीकडे, नसेल तर विशेषण एकटंच डावीकडे.

अनुस्वार
काही विशेषणं मधोमध फुटतात हेही सांगायला हवं. 'सिमिलर', 'डिफरंट', 'डिफिकल्ट', 'ईझी' यांचं डोकं नामाआधी आणि शेपूट नंतर राहू शकतं: 'अ डिफरंट मेथड फ्रॉम अवर्स', 'अ डिफिकल्ट बुक टू रीड'. हे 'प्राउड' ला जमत नाही.

मापांचंही पाहा. 'अ रोप टू मीटर्स लॉन्ग' आणि 'अ टू-मीटर-लॉन्ग रोप' दोन्ही बरोबर. पण नामाआधी आलं की 'मीटर' एकवचनी होतो आणि मधे जोडरेघा येतात. 'अ सेव्हन-इयर्स-ओल्ड बॉय' ही चूक इथूनच येते. हवं ते 'अ सेव्हन-इयर-ओल्ड बॉय'.

पदच्छेद
'अटर्नी जनरल', 'कोर्ट मार्शल', 'नोटरी पब्लिक' यांत विशेषण नंतर आहे ते फ्रेंच वळणामुळे. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन सत्ता आली आणि पुढे न्यायालयात फ्रेंच रुळली, तिच्यात विशेषण बहुधा नामानंतरच. म्हणून अनेकवचन करताना नामालाच प्रत्यय लागतो: 'अटर्नीज जनरल', 'कोर्ट्स मार्शल'. 'लेफ्टनंट जनरल' मात्र वेगळा. तिथे 'जनरल' हेच मुख्य नाम आहे, म्हणून 'लेफ्टनंट जनरल्स'.

वेलांटी
शेवटची शंका. 'द ओन्ली सीट अव्हेलेबल' की 'द ओन्ली अव्हेलेबल सीट'?

अनुस्वार
दोन्ही चालतात. शेवटी '-एबल' किंवा '-इबल' असलेली बरीच विशेषणं 'ओन्ली' किंवा 'बेस्ट' सारखा शब्द आधी आला की नामानंतर सहज जातात: 'द बेस्ट सोल्यूशन पॉसिबल'. पण 'ओन्ली', 'बेस्ट' काढून नुसतं 'अ सोल्यूशन पॉसिबल' करू नका. तिथे 'अ पॉसिबल सोल्यूशन' हाच क्रम.