मदत हवी आहे : सायनसच्या ऑपरेशननंतर नाक धुतो ते पाणी कपाळापर्यंत पोचतं का?

मानेवाडाकर_४३

नमस्कार. नागपूरहून लिहितेय. नाकात दोन्ही बाजूंनी पॉलिप्स (मऊ गाठी) होते, वास तर कधीचाच गेलेला. सांबारवडी तळली तरी कळायचं नाही. पाच आठवड्यांपूर्वी धंतोलीत फेस सर्जरी (नाकातून दुर्बिणीनं सायनसचं ऑपरेशन) झाली. गालातली, डोळ्यांमधली, कपाळातली सायनस (हाडांतल्या पोकळ्या) उघडली असं डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय. २४० मिलीची पिळायची बाटली आणि मिठाच्या पुड्या दिल्या, दिवसातून दोनदा धुवा म्हणाले. कसं, ते दाखवायला कोणाला वेळ नव्हता. एक चित्राचा कागद हातात दिला, बस.

आता घरी प्रत्येकाचं मत वेगळं. सासरे रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात जलनेती शिकलेले. त्यांच्या मते तोटीचं भांडं सोडून बाकी सगळं थोतांड. ऑफिसातली मैत्रीण म्हणते साधा सलाईन स्प्रे मारत जा, पुरतो.

त्यात मंगळवारची गंमत. बँकेत काउंटरवर एका काकांचं पासबुक हातात होतं. खालच्या ड्रॉवरमधून स्टेपलरच्या पिना काढायला वाकले आणि डाव्या नाकपुडीतून नळ सोडल्यासारखं पाणी त्या पासबुकावर. नाक धुऊन दीड तास झाला होता! काका बिचारे काही बोलले नाहीत, फक्त पासबुक खिडकीतून ओढून घेतलं.

म्हणजे पाणी आत कुठेतरी जातंय हे नक्की. पण उजव्या भुवईच्या वर जडपणा आहे तसाच आहे. तिथे पोचतंय का? आणि आरओचं पाणी चालतं ना?

नाकीनऊ

ताई, माझी दोन ऑपरेशनं झालीत, म्हणून बोलतो. स्प्रेनं नाक ओलं राहतं, सायनस धुतलं जात नाही. फवारा पुढच्या भागातच जिरतो. पाणी भरपूर लागतं, बाटलीनं घ्या नाहीतर भांड्यानं. सासऱ्यांचं अगदीच चूक नाही. मला बाटली बरी वाटते, कारण तिला दाब असतो.

ईएनटी_निवासी

आधी एक विचारतो, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. ज्या दिवशी नाक धुतलं नाही, त्या दिवशीही वाकल्यावर पाणी येतं का? एकाच बाजूनं, पाण्यासारखं पातळ, खारट? तसं असेल तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. या ऑपरेशननंतर क्वचित होतं, पण त्याच दिवशी सर्जनला कळवायचं. डोळा सुजला, दोन-दोन दिसायला लागलं, ताप आणि मान आखडणं, यातलं काहीही असेल तर धाग्यावर उत्तराची वाट पाहू नका.

धुतल्यावरच येत असेल तर ते बहुधा गालातल्या सायनसचं. त्याचं मूळ तोंड वरच्या बाजूला असतं, त्यामुळे पाणी माठात राहावं तसं राहतं आणि वाकलात की कलंडतं. ऑपरेशनआधी ही तोंडं इतकी अरुंद असतात की आत जवळपास काही जात नाही. साधारण ४ मिमीच्या पुढे तोंड मोकळं झालं की पाणी शिरायला लागतं असं प्रयोगांत दिसलंय.

कपाळातलं सायनस मात्र हट्टी. ते सगळ्यात वर, आणि उभ्याउभ्या बाटली दाबली तर पाण्याला चढच चढ. बेसिनवर पुरतं वाकायचं, डोक्याची टाळू जमिनीकडे येईल इतकं, तोंड उघडं ठेवून हळू दाबायचं. दाबताना गिळू नका, पाणी कानात जातं. सर्जननी वाकायला हरकत नाही असं सांगितलंय ना, तेवढं बघा. आणि तिथल्या तोंडाशी खपली किंवा सूज असेल तर कितीही उलटं झालात तरी पाणी जाणार नाही. ते दुर्बिणीनं साफ करावं लागतं.

पाण्यात बुडेसोनाइड (सूज कमी करणारं स्टेरॉइड औषध) मिसळणारे पेशंट असतात. ते सर्जननी लिहून दिलं तरच, स्वतःच्या मनानं नाही.

गोरेवाडा_वॉटर

आरओ प्यायला ठीक, नाकात नको. गच्चीवरच्या टाकीचं तर मुळीच नको. नळाचं पाणी नेती पात्रात वापरून २०११ मध्ये अमेरिकेत लुईझियानात दोघं दगावले. नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकातून मेंदूत गेला. तेच पाणी प्यायल्यानं काही होत नाही, गोम नाकाचीच आहे. पाणी खळखळून एक मिनिट उकळा, कोमट होऊ द्या, मग पुडी टाका. पुड्या संपल्या तर लिटरला ९ ग्रॅम मीठ, आयोडिन नसलेलं. चमच्यानं अंदाजे नाही, काट्यावर तोला. कमी पडलं की नाक झोंबतं. बाटली रोज धुऊन उघडी वाळवायची.

मानेवाडाकर_४३

डॉक्टर, तुमचं वाचून पोटात गोळाच आला. रविवारी सकाळी मुद्दाम नाक धुतलं नाही. दुपारपर्यंत दहा वेळा वाकले, झाडलं, पुसलं. एक थेंब नाही. सासूबाईंना वाटलं काहीतरी हरवलंय.

संध्याकाळी टाळू खाली करून धुतलं. डावीकडे कपाळात गार शिरल्यासारखं वाटलं, उजवीकडे काही नाही. दवाखान्यात फोन करून हे सगळं सांगितलं. शनिवारची तपासणी होती, ती उद्या सकाळवर घेतली आहे. बाटली सोबत आणा म्हणाले, आमच्यासमोर दाबून दाखवा.